शुक्र व कृत्तिका

दोन असमान वस्तु एकाच मापानें मोजावयास घेतल्या म्हणजे त्यांपैकीं एकीवर अन्याय होतो, असा सर्वांचा अनुभव आहे. एका सभेंत गाजलेला वक्ता व खुर्च्या मांडणारा कार्यकर्ता, एका घरांत मिळवता मुलगा व आजारी भाऊ, एका वर्गांत हुशार विद्यार्थी व संकोची विद्यार्थी यांस सारखेंच माप लावलें, तर माप लावणारा स्वतःस निःपक्षपाती म्हणवून घेतो. पण दुर्बळाच्या वांट्यास जें यावयाचें तें येतच नाहीं. हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांत पुष्कळ वेळां चर्चिला गेला आहे, आणि आम्हीही तो कित्येक वर्षें वर्गांत शिकवीत आलों आहों. परंतु त्याचा खरा उलगडा आम्हांस ग्रंथांत न होता एका छायाचित्रामुळें झाला, आणि तोही आमच्या हातून एक चूक घडून गेल्यावर झाला. ती हकीकत व तिच्यावरून सुचलेले विचार वाचकांपुढें मांडावे, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

कृत्तिकांचा पुंजका आपल्या लोकांच्या फार जुन्या परिचयाचा. कृष्णयजुर्वेदांत या ताऱ्यांस अंबा, दुला, नितत्नि, अभ्रयन्ती, मेघयन्ती, वर्षयन्ती व चुपुणीका अशीं सात नांवें दिलेलीं आहेत. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहींत, या शतपथ ब्राह्मणांतील उल्लेखावरून शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं १८९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’ंत त्या ग्रंथाचा काळ इसवी सनापूर्वीं सुमारें तीन हजार वर्षें असा काढला. तो निर्णय सर्वांस मान्य नसेल. पण जे तारे साध्या डोळ्यांस एकमेकांपासून नीट वेगळेही दिसत नाहींत, त्यांतील प्रत्येकास स्वतंत्र नांव देणाऱ्या लोकांच्या दृष्टीचें कौतुक वाटल्यावांचून राहत नाहीं. बारक्या वस्तूंसही नांव असतें, हें त्यांस कळत होतें.

या पुंजक्यांतून दर आठ वर्षांनीं शुक्र जातो. याचें कारण सोपें आहे. पृथ्वी सूर्याभोवतीं आठ फेरे करते तेवढ्या काळांत शुक्राचे जवळजवळ बरोबर तेरा फेरे होतात; म्हणून आठ वर्षांनीं त्याच महिन्यांत, जवळजवळ त्याच तारखेस, शुक्र आकाशांत त्याच जागीं येऊन उभा राहतो. २०१२ सालीं ३ एप्रिलच्या सुमारास हा योग आला, आणि २०२० सालीं ३ एप्रिलला पुन्हां आला. तो दिवस रामनवमीनंतरचा, चैत्र शुद्ध दशमीचा. देशभर टाळेबंदी लागून दहा दिवस झाले होते. रस्त्यावर वाहनें नव्हतीं, आणि मुंबईचें आकाश कधीं नव्हे इतकें निवळलें होतें. संध्याकाळीं पश्चिमेस शुक्र असा झळकत होता कीं, ज्यांनीं जन्मांत वर मान केली नसेल अशा लोकांनींही गच्चीवर जाऊन त्याची चौकशी केली.

आतां हें दृश्य कॅमेऱ्यांत धरावयाचें म्हटलें म्हणजे काय अडचण पडते ती पाहूं. त्या रात्रीं शुक्राची प्रत सुमारें उणें साडेचार होती. कृत्तिकांतील सर्वांत तेजस्वी तारा तिसऱ्या प्रतीच्या आंत-बाहेर. हिशेब केला तर शुक्र त्या ताऱ्याच्या सुमारें आठशें पट तेजस्वी ठरतो. आणि पुंजक्यांतील बारीक ताऱ्यांशीं तुलना केली तर हें प्रमाण कित्येक हजारांवर जातें. कॅमेऱ्याचें शटर क्षणाच्या शतांशापुरतें उघडलें, तर शुक्राचा रेखीव ठिपका मिळतो. पण भोंवतीं काळोख, कृत्तिकांचा मागमूस नाहीं. तेंच शटर कांहीं सेकंद उघडें ठेवलें, तर कृत्तिका एक-एक करून उमटतात. पण तोंवर शुक्राचा पांढरा डाग फुगून, त्याला किरणांचे कांटे फुटून, तो शेजारचे तारे गिळून टाकतो. हवेंत थोडें धुकें अथवा धूर असला तर शुक्राभोवतीं तेजाचें खळें पडतें, आणि त्या खळ्यांत सगळा पुंजका बुडून जातो. त्यांत आणखी पृथ्वी फिरते आहे. मोठी लेन्स लावून शटर दोन-तीन सेकंदांपेक्षां अधिक उघडें ठेवलें कीं ताऱ्यांच्या रेघा होऊं लागतात, आणि त्या टाळावयाच्या तर ताऱ्यांच्या गतीनें कॅमेरा फिरविणारें महागडें यंत्र हवें. शिवाय त्या दिवशीं दशमीचा चंद्र डोक्यावर होताच.

यावर छायाचित्रकारांनीं एक उपाय काढला आहे. एकाच जागेवरून, कॅमेरा न हलवितां, एक चित्र शुक्रासाठीं व एक कृत्तिकांसाठीं असें निरनिराळ्या एक्स्पोझरचें घ्यावयाचें, आणि मागाहून संगणकावर दोन्हीं एकावर एक बसवून प्रत्येकांतून योग्य तो भाग ठेवावयाचा. असें केलें म्हणजे शुक्र शुक्राच्या जागीं रेखीव दिसतो, व कृत्तिका कृत्तिकांच्या जागीं दिसतात. येथेंच आमच्या हकीकतीस आरंभ होतो.

आमचा एक विद्यार्थी त्या वेळीं माहुलला राहत असे. माहुल हें मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील कोळ्यांचें जुनें गांव. १९५४-५५ च्या सुमारास त्याच्या शेजारीं तेलशुद्धीकरणाचे मोठे कारखाने उभे राहिले. हिंवाळ्यांत तेथील खाडीच्या चिखलांत हजारों रोहित पक्षी उतरतात, आणि त्याच चिखलाच्या कडेवरून धुराडीं दिसतात. पुढें शहरांतल्या निरनिराळ्या कामांसाठीं ज्यांचीं घरें पाडलीं गेलीं अशा हजारों कुटुंबांस माहुलच्या उंच इमारतींत नेऊन ठेवण्यांत आलें. तानसाच्या जलवाहिनीलगतच्या झोपड्यांतील लोकही त्यांत होते. आमच्या विद्यार्थ्याचें कुटुंब त्यांपैकींच एक. तेथील हवा मनुष्यांनीं राहण्याजोगी आहे कीं नाहीं, हा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढें व मुंबई उच्च न्यायालयापुढें गेला, हें वाचकांस ठाऊक असेलच. अशा ठिकाणीं रात्रीचें आकाश कसें असतें, हें निराळें सांगावयास नको. एका बाजूस धुराड्यावरची ज्योत, दुसऱ्या बाजूस शहराच्या दिव्यांचा पिवळट उजेड, आणि या दोहोंच्या मध्यें जे काय चार तारे उरतील ते.

त्या संध्याकाळीं हा मुलगा एका मित्राचा कॅमेरा घेऊन इमारतीच्या गच्चीवर चढला. ट्रायपॉड नव्हता, त्यानें पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर विटा रचून कॅमेरा बसविला. शुक्रासाठीं एक चित्र व कृत्तिकांसाठीं कांहीं चित्रें घेतलीं, आणि तीं पुढें सवडीनें एकत्र केलीं. आकाश त्यांत काळें नाहीं. मळकट तांबूस आहे, खालच्या कोपऱ्यांत एका धुराड्याचें टोक आलें आहे. कृत्तिका सहाच दिसतात, त्याही जपून पाहिल्या तर. पण त्या आहेत.

टाळेबंदी उठून महाविद्यालय सुरू झाल्यावर विद्यार्थ्यांच्या छायाचित्रांचें एक प्रदर्शन भरलें, आणि परीक्षक म्हणून आम्हां तिघांस नेमण्यांत आलें. या मुलानें आपलें चित्र ठेवलें, व त्याखालीं स्वतःच्या अक्षरांत लिहिलें कीं, हें एक चित्र नसून निरनिराळ्या एक्स्पोझरचीं चित्रें जोडून केलेलें आहे. शुक्राचा भाग एका चित्रांतून व ताऱ्यांचा दुसऱ्यांतून घेतला आहे. योगायोग असा कीं, त्याच विषयावर दुसऱ्या एका विद्यार्थ्याचेंही चित्र आलेलें होतें. त्यांतलें आकाश काजळासारखें काळें, कृत्तिका हिऱ्यांसारख्या, भोंवतीं निळसर धुकें, आणि मध्यें शुक्र. खालीं फक्त नांव व तारीख. आम्हीं तिघांनीं थोडा विचार केला. आमच्यापैकीं एकानें म्हटलें, “हें पहिलें जोडलेलें आहे; दुसरें अस्सल दिसतें.” आम्हीं मान डोलाविली. दुसऱ्या चित्रास पहिलें बक्षीस मिळालें. पहिल्यास कांहींच मिळालें नाहीं.

दोन दिवसांनीं तो मुलगा आमच्याकडे आला. तक्रार करावयास आला नव्हता. पुस्तक परत करावयास आला होता. जातांना दारांत थांबून त्यानें विचारलें, “सर, खालीं लिहिलें नसतें तर?”

आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. तो नमस्कार करून निघून गेला. त्यानंतर आम्हीं दुसऱ्या विद्यार्थ्यास सहज विचारलें, तेव्हां त्यानें मोकळेपणानें सांगितलें कीं, कृत्तिका त्यानें आदल्या हिंवाळ्यांत गांवीं घेतल्या होत्या, आणि शुक्र मुंबईंत. त्यांत आपण कांहीं गैर केलें असें त्यास वाटत नव्हतें. कारण कोणीं विचारलेंच नव्हतें.

येथें कोणी म्हणेल कीं, यांत एवढा विचार कसला? जोडलेलें चित्र तें खोटें, न जोडलेलें तें खरें. दोन्हीं खोटीं निघालीं, प्रश्न मिटला. परंतु आम्हांस हा प्रश्न इतक्या लवकर मिटतो असें वाटत नाहीं. छायाचित्र खरें म्हणजे काय? डोळ्यांस दिसतें तसें तें खरें, असें म्हणावें, तर १८८५ सालीं पॅरिस येथें पॉल व प्रॉस्पर हेन्री या बंधूंनीं कृत्तिकांच्या छायाचित्रावरून त्यांतील एका ताऱ्याभोंवतींचें तेजोमेघाचें वलय शोधून काढलें, तें त्यांच्या डोळ्यांस दिसलेलें नव्हतें. मग तें खोटें ठरलें काय? १८९८ सालीं २२ जानेवारीस आपल्याकडे जेऊर येथें खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळीं पुण्याच्या वेधशाळेचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीं सूर्याच्या वर्णपटाचीं छायाचित्रें घेतलीं. वर्णपटाच्या त्या रेषा साध्या डोळ्यांनीं कोणी पाहिल्या होत्या? यंत्र आपणांस डोळ्यापलीकडचें दाखवितें, म्हणूनच त्याची किंमत.

उलटपक्षीं, डोळा तरी एकाच एक्स्पोझरनें पाहतो काय? आपण आधीं शुक्राकडे पाहतों. नजर वळवून कृत्तिकांकडे पाहतों तेव्हां थोडा वेळ जातो, मग एकेक तारा दिसूं लागतो. आणि दोन्हीं पाहणीं मनांत एकत्र होऊन “शुक्राजवळ कृत्तिका पाहिल्या” असें आपण सांगतों. म्हणजे आपली स्मृतिही जोडचित्रच काढीत असते. कोणी म्हणेल कीं, निदान एकाच क्षणाचें चित्र तरी एकाच क्षणाचें असतें. तेंही नाहीं. त्या रात्रीं शुक्र पृथ्वीपासून सुमारें साडेनऊ कोटि किलोमीटरांवर होता. त्याचा प्रकाश पांच-साडेपांच मिनिटांत येऊन पोंचला. कृत्तिकांचा प्रकाश निघाला त्यास सुमारें चारशें चाळीस वर्षें झालीं होतीं. तो निघाला तेव्हां पैठणास एकनाथ महाराज हयात होते, आणि शिवाजीमहाराजांचा जन्म व्हावयास अजून अर्धें शतक होतें. निसर्गानेंच पांच मिनिटें व चार शतकें एका पडद्यावर जोडून ठेविलीं आहेत. तेव्हां जोडलें एवढ्यावरून खोटें, हा न्याय टिकत नाहीं.

मग वाटेल तें जोडावें काय? नाहीं. माहुलच्या गच्चीवरून घेतलेल्या चित्रांत त्या संध्याकाळीं, त्या जागीं, जें खरोखर होतें तेंच आहे; फक्त प्रत्येकास त्याच्या तेजाप्रमाणें वेळ दिला आहे. दुसऱ्या चित्रांत एका गांवचें आकाश व दुसऱ्या गांवचा ग्रह यांची गांठ घातली आहे, आणि पाहणाऱ्यानें ती एकाच रात्रीची समजावी अशी मांडणी आहे. पहिल्यानें अडचण सोडविली. दुसऱ्यानें अडचण लपविली. या दोहोंतील भेद पारखण्याची कसोटी आम्हांस एकच दिसते: चित्र कसें केलें हें चित्राखालीं लिहावयास करणारा तयार आहे कीं नाहीं? लिहिल्यानें असत्याचें सत्य होत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. पण जें लिहून दाखवितां येतें त्यांत फसवणूक उरत नाहीं. आणि जें लिहिल्याबरोबर चित्राची शोभा जाते, त्या चित्राची शोभा न लिहिण्यांतच होती.

परंतु या कसोटीचा दुसरा भाग पाहणाऱ्यावर येतो, आणि तेथेंच आम्ही नापास झालों. आपण सांगणाराची परीक्षा कडक घेतों, न सांगणाराची घेतच नाहीं. ज्यानें आपण होऊन कबूल केलें तो आपणांस आरोपी वाटतो. जो गप्प बसला तो निर्दोष. घरांत मुलानें कांच आपण फोडली असें सांगितलें तर त्यास मार बसतो. न सांगणाऱ्या भावंडाकडे संशयानेंही कोणी पाहत नाहीं. कचेरींत चूक नोंदविणाऱ्या कारकुनाच्या वहीवर तांबडी शाई पडते. असें दहा वेळां घडलें म्हणजे अकराव्या वेळीं कोणी सांगत नाहीं, आणि मग आपण काळ बदलला, लोक खोटे झाले, म्हणून हळहळतों. त्या मुलाच्या प्रश्नांत हीच गोष्ट होती. “लिहिलें नसतें तर?” म्हणजे, “तुम्हीं वर्गांत शिकविलेलें मीं खरें मानलें, ही माझी चूक झाली काय?” ज्यानें सत्याचा तास घेतला त्यानेंच सत्यास दंड करावा, याहून अधिक लाजिरवाणी गोष्ट शिक्षकाच्या आयुष्यांत दुसरी नाहीं.

न्यायाविषयींही या चित्रानें आम्हांस कांहीं शिकविलें. शुक्र व कृत्तिका यांस सारखाच वेळ देणें ही दिसण्यांत समता आहे; पण तिचा परिणाम असा कीं, एक तर मोठा फुगतो किंवा लहान नाहींसा होतो. आणि मोठा तो खरोखर मोठा असतो असेंही नाहीं. शुक्रास स्वतःचा प्रकाश नाहीं. त्याच्या ढगांवर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाचा सुमारें तीन चतुर्थांश भाग तो परत फेंकतो, व आपल्या जवळ आहे म्हणून झगमगतो. कृत्तिका स्वयंप्रकाशी आहेत. त्यांतील मुख्य तारा तर सूर्याच्या दोन हजार पटींहून अधिक तेजस्वी आहे. तो दूर आहे, एवढाच त्याचा अपराध. जवळचें तें मोठें व उसनें तेज तें खरें तेज, अशी समजूत करून घेऊन आपण किती माणसांस आयुष्यभर अंधारांत ठेवतों, याचा हिशेब प्रत्येकानें आपल्याच घरापासून करून पाहावा.

येथें एक उदाहरण सांगावेंसें वाटतें. रमाबाई रानडे यांनीं १९१० सालीं ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत त्यांनीं सारा वेळ न्यायमूर्तींस दिला आहे. स्वतःस जेमतेम दिसण्यापुरता. न्यायमूर्ति रानडे यांचें तेज उसनें नव्हतें, हें सांगणें नकोच. पण ज्या बाईंनीं पुढें पुण्याचें सेवासदन वाढविलें, त्यांचें चित्र त्या पुस्तकांतून हवें असेल तर वाचकानेंच निराळा एक्स्पोझर द्यावा लागतो. थांबून, डोळे स्थिर करून, शब्दांच्या कडेला पाहावें लागतें. तसें पाहणाऱ्यानें न्यायमूर्तींचें कांहीं कमी केलें असें कोणी म्हणणार नाहीं. प्रत्येकास त्याच्या तेजाप्रमाणें वेळ देणें हा पक्षपात नव्हे. मात्र आपण असा वेळ दिला, हें सांगितलें पाहिजे. नाहीं तर उद्यां कोणीही आपल्या आवडीच्या माणसास हवा तेवढा उजेड देऊन त्यास इतिहास म्हणेल, आणि तसें म्हणणारे थोडे नाहींत.

असो. आम्हीं पुढें काय केलें, हेंही सांगणें प्राप्त आहे. निकाल जाहीर झालेला असल्यामुळें तो फिरविण्यास इतर परीक्षक तयार झाले नाहींत, आणि दुसऱ्या विद्यार्थ्यानें नियम मोडला नव्हता, हेंही खरें. तसा नियमच नव्हता. आम्हीं एवढेंच केलें कीं, पुढील वर्षापासून प्रत्येक चित्राखालीं तें कसें केलें तें लिहिलेंच पाहिजे, अशी अट घालून घेतली. त्या मुलास बोलावून आम्हीं सांगितलें, “अरे, त्या दिवशीं तुझ्या प्रश्नाचें उत्तर ‘होय’ असें होतें. लिहिलें नसतेंस तर कदाचित् बक्षीस मिळालें असतें. चूक तुझी नव्हे, आमची झाली.” तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “सर, पण पुढच्या वेळींही मी लिहीनच.” त्यानें तें इतक्या साधेपणानें म्हटलें कीं, आम्हांस आमच्या साऱ्या व्याख्यानांची किंमत तेव्हां कळली. ती फार नव्हती.

मुंबईंतल्या खगोल मंडळासारख्या संस्था हौशी लोकांस आकाश पाहावयास वांगणीकडे नेतात. आणि काळें आकाश ज्यास हवें त्यानें तिकडेच जावें, हें योग्यच आहे. पण ज्यास माहुल सोडून जातां येत नाहीं, त्यानेंही आपल्या गच्चीवरून जें दिसतें तें जपून टिपावें, व तांबूस आकाश तांबूसच ठेवावें. त्या मुलानें संगणकावर तें काळें करून टाकणें अवघड नव्हतें. तें धुराड्याचें टोकही पुसतां आलें असतें. त्यानें तें राहूं दिलें. त्या चित्राची एक प्रत आमच्या टेबलासमोर भिंतीवर लावलेली आहे, आणि तिच्याखालचा मजकूर आम्हीं झांकलेला नाहीं.

२०२८ सालच्या एप्रिलच्या आरंभीं शुक्र पुन्हां कृत्तिकांपाशीं येईल. तेव्हां हवा कशी असेल, तो मुलगा कोठें असेल, हें आज सांगतां येत नाहीं. त्यानें बोलाविलें, तर आम्ही त्याच्या गच्चीवर जाऊं, आणि विटा रचावयास मदत करूं.